टर्बो गाडीचा मोठा आवाज कमी करण्यासाठी कोणता सायलेन्सर निवडावा?

पहाटेची पाळी:
नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहतो. गेल्या दिवाळीत मी 1.2 लिटरची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक जुनी विकत घेतली. आधीच्या मालकाने तिला अडीच इंची पाइप आणि मागे तोफेच्या नळीसारखा सरळ सायलेन्सर बसवून घेतला होता. गाडी घेताना तो आवाज मलाही आवडला होता, हे कबूल करतो. मात्र माझ्या पाळीमुळे पहाटे सव्वापाचला गाडी काढावी लागते, पार्किंग इमारतीखाली खांबांमध्ये आहे, आणि गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर वरच्या मजल्यावरील काकूंच्या खिडकीची तावदाने थरथरतात. सोसायटीच्या सचिवांचे पत्र आले आहे. भाषा सौम्य आहे, पण ते दुसरे पत्र आहे.

दुसरा त्रास पूर्व द्रुतगती महामार्गावर होतो. 2200 आरपीएमच्या आसपास गाडीत असा घुमणारा आवाज भरतो की मागे बसलेल्या आईने परवा ठाणे ओलांडेपर्यंत कानांत कापसाचे बोळे घातले होते. एका गॅरेजने अडीच हजार रुपये घेऊन शेपटीच्या टोकात भोके पाडलेली एक बारीक नळी बोल्टने बसवून दिली. त्यानंतर गाडी वर ओढेनाशी झाली, फुसफुस आवाज येऊ लागला आणि घुमणे होते तेवढेच राहिले. आता कप्प्यांचा सायलेन्सर घ्यावा की लोकर भरलेला? टर्बोची ताकद किती जाईल? वीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

ग्रीसचे हात:
ती नळी आजच काढून टाका. टर्बाइन, म्हणजे एग्झॉस्ट वायूने फिरणारे टर्बोतील चाक, फिरते ते त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील फरकावर. टर्बोनंतरची वाट अरुंद केली की तो फरक घटतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. गाडीला थोडा बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा दाब, हवाच असतो, असे पुष्कळ मिस्त्री छातीठोकपणे सांगतात. टर्बो गाडीच्या बाबतीत तरी त्याकडे दुर्लक्ष करावे.

आता घुमण्याविषयी. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे 2200 आरपीएमला सेकंदाला सुमारे 73, अर्थात 73 हर्ट्झचा खर्ज. लहान हॅचबॅकची केबिन आतून सव्वादोन-अडीच मीटर लांब असते, आणि एवढ्या लांबीच्या बंद पोकळीचा स्वतःचा नादही जवळपास तिथेच येतो. म्हणून डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे होते. त्या वेगात एक काच दोन बोटे खाली करून पाहा. घुमण्याचा पोत बदलला तर निदान बरोबर आहे.

लोकर भरलेला सरळ सायलेन्सर वरच्या पट्टीतील कर्कश आवाज चांगला शोषतो. खर्ज शोषण्यासाठी मात्र आकारमान लागते, आणि तुमच्या मागच्या नळीत ते नाही. सायलेन्सरचे घनफळ इंजिनाच्या दहापट असावे असा एक ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने तुम्हाला बारा लिटर, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कळशीएवढी जागा हवी. ती एकाच डब्यात मिळत नसेल, तर मध्ये रेझोनेटर (आवाज कमी करणारा लहान डबा) आणि मागे लंबगोल, रुंद सायलेन्सर अशी विभागणी करावी. दोन्ही आतून सरळ वाटेचे घेतले तरी चालतील. कप्प्यांचा सायलेन्सर खर्जावर अधिक प्रभावी असतो, पण त्यात वायूला वळसे घ्यावे लागतात, 1.2 लिटरच्या गाडीला ते फारसे जाणवणार नाही.

कोणी तुम्हाला जे-पाइप सुचवेल, म्हणजे मुख्य पाइपला जोडलेली, टोक बंद असलेली फांदी. तिचे तत्त्व खरे आहे: लांबी त्या ध्वनिलहरीच्या पावपट ठेवली की आत जाऊन परतणारी लहर मूळ लहरीला मारते. पण सुमारे 250 अंश तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 460 मीटरच्या घरात जातो, आणि 73 हर्ट्झसाठी ती फांदी दीड मीटरहून लांब येते. एवढी फांदी हॅचबॅकच्या पोटाखाली कुठे घालणार, आणि घातलीच तर पहिल्याच उंच गतिरोधकावर ती राहील का?

तिसरी गल्ली:
सायलेन्सरवर पैसे घालण्याआधी गळती तपासून घ्यावी. इंजिन थंड असताना सुरू करून कोणाला तरी शेपटीवर जाड ओले फडके क्षणभर दाबून धरायला सांगा आणि बॉनेट उघडून ऐका. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून निघणाऱ्या नळ्या एकत्र आणणाऱ्या भागाच्या) गॅस्केटपाशी टिकटिक किंवा फ्लेक्स (लवचीक) पाइपच्या जाळीतून फसफस ऐकू आली, तर महागडा सायलेन्सरही उपयोगाचा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायू कमी करणारा डबा, जागेवर आहे का, हेही पाहावे. जुन्या मालकांचा भरवसा नसतो.

पहाटेच्या पहिल्या मिनिटाचे कारण मात्र वेगळे आहे. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून संगणक त्या वेळी ठिणगी उशिरा पाडतो आणि आरपीएम वर ठेवतो. तो मिनिट तुम्ही जागीच उभे राहून काढता. वीस सेकंदांनी, पायाचा भार हलका ठेवून गाडी फाटकाबाहेर काढलीत, तर निम्मे भांडण तिथेच मिटेल.

काळा डगला:
कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. मोटार वाहन कायदा, 1988 मधील 2019 च्या दुरुस्तीनंतर, आवाजाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम 190(2) खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवाना अपात्र होऊ शकतो. अनधिकृत फेरफारासाठी मालकाला कलम 182अ(4) स्वतंत्रपणे लागू होते. ‘पीयूसी आहे ना’ हे उत्तर चालत नाही, कारण त्या तपासणीत धूर मोजतात, आवाज नव्हे. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: कंपनीचा मूळ संच शोधा. नवा परवडत नसेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकाने आहेत. तिथे डबा हातात घेऊन हलवून पाहावा. आत खुळखुळ वाजली तर तो परत ठेवावा.

पहाटेची पाळी:
सर्वांचे आभार. काल रॅम्पवर गाडी चढवून स्वतः खाली उभा राहिलो. कन्व्हर्टर सुदैवाने आहे, पण मधला रेझोनेटर कापून तिथे हातभर सरळ पाइप वेल्ड केला आहे, आणि वेल्डला काजळाच्या ठिपक्यासारखे छिद्र असून भोवती काजळी जमली आहे. कुर्ल्यात मूळ मधला भाग मिळाला, मागचा मात्र गंजलेला होता, तो नवाच मागवतो आहे. मोबाइलवरील डेसिबल ॲपमध्ये घुमताना आकडा फारसा वाढत नाही, याचे आश्चर्य वाटते.

ग्रीसचे हात:
ॲप बहुधा ए-वजन लावून मोजते. माणसाचा कान मंद खर्जाला कमी दाद देतो, हे धरून त्या पद्धतीत 80 हर्ट्झच्या आसपास बावीसेक डेसिबल वजा होतात. सी-वजनाचा (खर्ज फारसा वजा न करणारा) पर्याय असेल तर तो निवडून, त्याच सीटवर, त्याच वेगाला, आधी आणि नंतर मोजा.

बसवताना हँगरची, म्हणजे पाइप टांगून धरणारी, रबरे नवी घाला. पाइप मागच्या अ‍ॅक्सलपाशी बॉडीला बोटभर अंतरावर तरी राहील, हे मिस्त्रीकडून गाडी जमिनीवर असताना पाहून घ्या, रॅम्पवर नव्हे, कारण चाके लोंबकळत असताना ते अंतर फसवे दिसते. आणि जुन्या मागच्या डब्याखाली पाणी निथळण्याचे बारीक छिद्र असते, तसे नव्यालाही आहे ना, ते तपासा. कामावर जाण्याची फेरी छोटी असेल तर डबा पुरेसा तापत नाही, आत पाणी साचते, आणि पावसाळ्यानंतर तो खालूनच सडतो.