बाबांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया रोबोटने करावी का?

प्रश्न: कर्करोगामुळे बाबांची प्रोस्टेट ग्रंथी काढायची आहे. डॉक्टर रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवतात, पण खर्च बराच जास्त आहे आणि यंत्र आपोआप कापेल, अशी आईला धास्ती वाटते.

उत्तर १: आईंना धीर द्या. सर्जन कन्सोलपाशी, म्हणजे रोबोटच्या नियंत्रण-कक्षापाशी बसून, त्रिमितीय मोठे चित्र पाहत, बोटांनी उपकरणे हलवतात. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकते आणि मनगटासारख्या वळणाऱ्या टोकामुळे ओटीपोटाच्या अरुंद जागेत टाके घालणे सोपे जाते.

उत्तर २: रक्तस्राव कमी होतो, हे खरे. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्बेनच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा रोबोटिक आणि पोटावर मोठा छेद घेऊन केलेल्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत, अशा दोन्ही पद्धतींत जवळपास सारखाच आढळला. म्हणून सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे आधी विचारा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्याच विचारतो.