बारावीला फिजिक्स राहिलं, बी.एस्सी. नर्सिंग मिळेल का?

प्रश्न: बहिणीला महाराष्ट्र बोर्डात बायोलॉजी 62, केमिस्ट्री 48, फिजिक्स 27. नर्सिंगची सीईटी दिली आहे. वर्ष जाईल का?

उत्तर 1: उत्तरपत्रिकेची छायाप्रत लगेच मागवा, त्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. पण त्या निकालाच्या भरवशावर राहू नका, पुरवणीचा फॉर्म आजच भरा.

उत्तर 2: नुसते 35 मिळाले की झालं, असं नसतं, इथेच मुलं फसतात. खुल्या प्रवर्गाला तिन्ही विषय मिळून 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 लागतात. ताईचे 62 अधिक 48 म्हणजे 110. फिजिक्सचे 35 धरले तर 145. भागतंय! इंग्रजीत पास हवंच.

उत्तर 3: जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) सायन्सची सक्ती नाही, मात्र बारावी पास लागतेच. डिप्लोमानंतर नर्स म्हणून नोंदणी करून पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमावाल्यांसाठीची नर्सिंग पदवी) 2 वर्षांत होतं.