मदत हवी आहे: आर्कियन ग्रॅनाइट आणि बुडणारं सागरी कवच

नमस्कार मंडळी,

मुंबईत भूशास्त्रात एम.एस्सी. करतेय. सेमिनारला विषय मिळालाय आर्कियन काळातलं (साधारण 4 ते 2.5 अब्ज वर्षांपूर्वीचं) अधोगमन, म्हणजे एका प्लेटचं दुसरीखाली बुडणं, आणि ग्रॅनाइटी कवच. इथे गिल्बर्ट हिल पाहा नाहीतर कान्हेरी, सगळा दख्खनचा बेसाल्ट. तोही खंडावर ओतलेला, समुद्रतळाचा नव्हे. त्यामुळे सगळी मदार वाचनावर.

मला कळलंय ते असं. आज बुडणारी प्लेट थंड असते. तिच्या बेसाल्टचा दाबाखाली ब्लूशिस्ट आणि पुढे एक्लोजाइट हा रूपांतरित खडक होतो, सुटलेलं पाणी वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या थरात) शिरतं, आणि वितळतं ते प्रावरण. आर्कियनमध्ये प्रावरण बरंच जास्त तापलेलं होतं, म्हणून पाणी मुरलेला बेसाल्ट अँफिबोलाइट (रूपांतरित खडक) होऊन स्वतःच अंशतः वितळला आणि टोनालाइट, ट्रॉन्जेमाइट, ग्रॅनोडायोराइट ही ग्रॅनाइटच्या जातकुळीतली मंडळी तयार झाली. गार्नेट हे खनिज न वितळता खाली उरलं, त्याने इट्रियम आणि यिटर्बियम धरून ठेवलं. स्ट्रॉन्शियम धरणारं प्लॅजिओक्लेज हे खनिज टिकलं नाही, म्हणून स्ट्रॉन्शियम शिलारसात (वितळलेल्या खडकात) गेलं.

आता घोडं अडलंय ते इथे. स्ट्रॉन्शियम-इट्रियम गुणोत्तर जास्त म्हणजे गार्नेट, आणि गार्नेट म्हणजे दाब. पण तेवढा दाब जाड बेसाल्टी पठाराच्या बुडाशीही मिळेल ना? मग अधोगमनाचा पुरावा कुठे राहिला? आणि हे सगळे खडक सोडियमवाले. पोटॅशियमवाला खरा ग्रॅनाइट कुठून आला?

घाटवाट: पहिली शंका रास्त आहे. ते गुणोत्तर खोली सांगतं, जागा नाही. असं जास्त गुणोत्तर असलेल्या ज्वालामुखी खडकांना डिफंट आणि ड्रमंड या भूशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये अलास्काजवळच्या अ‍ॅडाक बेटावरून अ‍ॅडाकाइट हे नाव रूढ केलं. अडीच कोटी वर्षांहून तरुण, म्हणजे अजून गरम असलेली प्लेट वितळते असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून जो तो ते गुणोत्तर दिसलं की अधोगमन म्हणून मोकळा होतो! तू मॅग्नेशियम, निकेल, क्रोमियम बघ. प्लेटमधून निघालेला शिलारस वर येताना प्रावरणातून जातो आणि हे उचलतो. पठाराच्या बुडाशी झालेल्याला तो रस्ताच नसतो. अर्थात बुडाचा जड तुकडा तुटून प्रावरणात बुडाला तर तोही हेच सोंग घेऊ शकतो, म्हणून एकट्या या आकड्यांवरही विसंबू नकोस. मला जास्त पटतो तो पाण्याचा मुद्दा. समुद्राचं पाणी प्यायलेला बेसाल्ट एवढा खोल नेणार कोण? पठाराचं बूड बहुधा कोरडं. तिथे पाणी पोचवायचं तर वेगळी युक्ती लढवावी लागते.

काळा_पाषाण: पोटॅशियमचं उत्तर दुसऱ्या वितळण्यात. तेच सोडियमवाले खडक पट्टिताश्म (पट्टेदार रूपांतरित खडक, नाइस) होऊन कवचात कमी खोलीवर पुन्हा वितळले की पोटॅशियम शिलारसात गोळा होतं. कर्नाटकातल्या धारवाड भूखंडाचा क्रम पाहा: द्वीपकल्पीय पट्टिताश्म बहुतांशी तीन अब्ज वर्षांहून जुने, आणि क्लोजपेट ग्रॅनाइट साधारण 2.5 अब्ज वर्षांचा. क्लोजपेटमध्ये प्रावरणाचाही वाटा मानतात, तेव्हा सगळं श्रेय पुनर्वितळणाला देऊ नकोस. बरं, नुसतं वाचत का बसतेस? गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटात ट्रॉन्जेमाइटी पट्टिताश्म आहे, सुमारे 3.4 अब्ज वर्षांचा. मुंबईहून रात्रीची गाडी धर.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. पाण्याचा मुद्दा मी मुख्य युक्तिवाद म्हणून घेते. सेमिनारआधी घाट जमणार नाही. अनमोडच्या दगडाची थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पातळ काप) कुणाकडे बघायला मिळेल का? पवईपासून दादरपर्यंत कुठेही येईन.