चौथीच्या पोरांना हवामानबदल वाचायला-लिहायला कसा द्यावा?

तेरणाकाठची बाई

नमस्कार. औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. पट १९. तालुक्याला निबंध पाठवायचे होते म्हणून ‘हवामानबदल आणि आपण’ लिहून घेतलं. १६ वह्यांचा शेवट ‘झाडे लावा, झाडे जगवा’. खरं सांगायचं तर फळ्यावर ते मीच लिहिलं होतं.

एका पोरीनं लिहिलंय, हवामानबदलामुळे किल्लारीचा भूकंप झाला. घरी आजी १९९३ चं सांगते, इकडे मी संकटांबद्दल बोलते, तिनं सगळं एका पोत्यात भरलं. आणि बर्फावरच्या पांढऱ्या अस्वलाची गोष्ट वाचून दाखवली तर मागच्या रांगेतून प्रश्न आला, “मॅडम, आपल्याकडं बर्फच न्हाई, मग वितळायलंय काय?” मी उत्तर दिलं, त्याला पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

या वयाला काय वाचायला द्यावं, काय लिहून घ्यावं? घाबरवायचं नाहीये. २०२५ च्या सप्टेंबरात यांच्या डोळ्यांदेखत सोयाबीन पाण्यात गेलंय.

डिजिटल मास्तर

यूट्यूबवर छान अ‍ॅनिमेशन आहेत मॅडम. प्रोजेक्टरवर दाखवा, अर्ध्या तासाचं काम.

तेरणाकाठची बाई

प्रोजेक्टर आहे सर. लाइट दुपारी तीननंतर येते, तोवर पोरं घरी जायच्या घाईत असतात.

जुने गुरुजी, अंबाजोगाई

बाई, अस्वल राहू द्या. पोरांना घरी जाऊन जुनी कॅलेंडरं शोधायला सांगा.

आपल्याकडं कॅलेंडर फेकत नाहीत. वह्या-पुस्तकांना कव्हर घालतात, पेटीत तळाला अंथरतात. त्यावर दुधाचा हिशोब असतो, गाय कधी लावली ते असतं, आणि जूनच्या पानावर कुठंतरी पेनानं ‘पेरणी’ लिहिलेलं असतं. निवृत्त व्हायच्या आधी माझ्या वर्गात एका पोरानं तीन वर्षांची कॅलेंडरं आणली. एकात जूनमध्ये ‘पेरणी’ आणि जुलैमध्ये ‘दुबार’. दुसऱ्यात मार्च २०१४ च्या चौकटीत एकच शब्द, ‘गारा’. तो शब्द त्याच्या आजोबांनी इतका दाबून लिहिला होता की मागच्या पानावर उमटला होता. पोरगं बोट फिरवून बघत होतं. अख्खा तास तेवढ्यावरच गेला. गारा कशा होत्या, केवढ्या होत्या, ज्वारीचं काय झालं, हे घरी विचारून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चार-चार ओळी लिहून आणल्या. एकाचाही शेवट झाडावर झाला नाही.

दुसरं काम बाटलीचं. दोन लिटरची बाटली वरून कापा, तोंडाचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बूड खडबडीत असतं म्हणून खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरा, तिथं शून्य. वर पट्टी चिकटवा. रोज सकाळी आठला एकानं आकडा वाचायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. ६५ मिलिमीटरवर लाल रेघ मारा. २४ तासांत तेवढा पडला की सरकारी भाषेत अतिवृष्टी, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पंचनामा हा शब्द त्याला ‘पर्यावरण’च्या आधी कळतो.

पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, तेही वाचायला लावा. बेडूक असला तर पाऊस चांगला म्हणतात. खरं ठरलं की नाही ते पोरांनी बाटलीशी ताडून बघावं. (मघाची म्हण इथं लिहीत नाही. वर्गात सांगून बघा, पोरं हसून लोळतील आणि मघा जन्मात विसरणार नाहीत.)

बाहत्तरचा माणूस

जरा स्पष्ट बोलतो. हल्ली काही झालं की हवामानबदल. १९७२ ला आम्ही खडी फोडली, सुकडी खाल्ली, तेव्हा कोणी हा शब्दही ऐकला नव्हता. मराठवाड्यात दुष्काळ नवा आहे का? आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यात पावसाचा वाटा किती आणि आपण लावलेल्या उसाचा किती? पोरांना अर्धं सत्य शिकवू नका.

जुने गुरुजी, अंबाजोगाई

रास्त बोललात. म्हणूनच बाटली आधी आणि शब्द नंतर. एका पावसाळ्यावरून काही ठरत नाही, निदान तीस वर्षांची सरासरी बघतात. पोरांना मी म्हणायचो, आज आबा रागावले ती हवा, आबांचा स्वभावच तापट ते हवामान. स्वभाव बदलायला लागला की घरातल्यांना लगेच उमगत नाही, म्हणून लिहून ठेवायचं. हे चौथीच्या पोराला बरोबर कळतं, नको तेवढं कळतं. एकानं आबांच्या रागाचीच नोंद ठेवली.

कारण सांगायचं झालं तर वाकळ घ्या. पृथ्वीवर हवेची वाकळ आहे. ती नसती तर आपण गारठलो असतो. कोळसा, डिझेल जाळून आपण तिच्यात चिंध्या भरत चाललोय, ती जाड होतेय. परळीच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी बसमधून आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी बघितलेली असते. तिथून सुरू करा. तेच केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे ऐकल्यावर पोरं जे प्रश्न विचारतात ते मी इथं टाइप करत बसलो तर रात्र होईल.

आणि तापलेली हवा जास्त वाफ धरते, एका अंशाला साधारण सात टक्के. मग सोडते तेव्हा एकदम सोडते. कोरडं आणि ओलं दोन्ही एकाच वाकळीखाली कसं, ते यातून थोडंफार सांगता येतं. किल्लारीवाल्या पोरीला मात्र प्रेमानं सांगा, भूकंप जमिनीच्या पोटातून येतो, त्याचा वाकळीशी संबंध नाही.

सीनेकाठ

मी परंडा तालुक्यात शिकवते. त्या सप्टेंबरात आमच्याकडं माणसं छतावरून काढावी लागली. नंतर मी उत्साहानं ‘पूर’ विषय दिला आणि एक मुलगी कोरा कागद घेऊन तासभर बसली. चूक माझी होती. आता विषय देत नाही. “घरात कुठली वस्तू परत सापडली?” एवढंच विचारलं. कुणी पाटा लिहिला, कुणी बैलाची घुंगरं. त्या मुलीनं नुसतं कुलपाचं चित्र काढलं, खाली किल्ली नाही असं लिहिलं. मी काही विचारलं नाही. ज्यांची जमीन खरवडून गेली त्यांच्या पोरांना तर ‘आपण काय करू शकतो?’ हा प्रश्न विचारूच नका ताई. पाच वाक्यांत काय सांगणार ते.

तेरणाकाठची बाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, म्हणून सांगते.

कॅलेंडरं सात आली. एक २०१६ चं निघालं. एप्रिलच्या चौकटीत ‘टँकर’ आणि पुढं आकडे, पाण्याची पाळी आल्याच्या खुणा असाव्यात. माझ्या पोरांपैकी बरीचशी तेव्हा जन्मलीही नव्हती. आयांना विचारून लिहायला सांगितलं तर एकानं लिहिलं, रेल्वेच्या डब्यात सीटवर पाण्याच्या बाटल्या बसवून आणल्या. आईला परत विचारायला पाठवलंय.

बाटली शाळेच्या ओट्यापुढं ठेवली. वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा:

“पाऊस ०. आभाळ आलतं. आबा दोनदा अंगणात येऊन बघून गेले.”

“रात्री पाऊस झाला. शेळीनं बाटली पाडली. किती पडला ते कळलं न्हाई.”

दुसऱ्या नोंदीवर वर्गात भांडण. अर्धी पोरं म्हणतात खोडा आणि अंदाजे २० लिहा.

जुने गुरुजी, अंबाजोगाई

खोडू देऊ नका बाई. आणि बाटलीभोवती चार विटा लावा.