७४ ची पोर्शे ९१४, त्यात सुबारूचं इंजिन बसवावं का? कोणी केलंय का?

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. माझ्याकडे १९७४ ची ९१४ आहे, १.८ लिटरवाली, तीन वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी काढतोच. मे महिन्यात चढावर असताना मागून खाडकन आवाज आला, गाडी तीन सिलिंडरवर आली, कशीबशी बाजूला घेतली. हेड उतरवलं तर व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ते कडं) सुटून आत पडलेली आणि पिस्टनचा पार चुराडा. आता दोन्ही हेड, पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग सगळंच करायचं म्हटलं तर खर्च फार होतोय. आणि नेमकं एका मित्राकडे ९३ च्या सुबारू लेगसीचं २.२ इंजिन पडून आहे, वायरिंग आणि ईसीयूसकट (इंजिनाचा कॉम्प्युटर), चालू गाडीतून काढलेलं. माझं इंजिन नवं असताना ७६ हॉर्सपॉवरचं, हे १३० च्या आसपास, म्हणून मन तिकडे ओढतंय. बाबा पुण्याहून आलेत, त्यांनी पद्मिनी वर्षानुवर्षं स्वतःच खोलली-जोडली, ते म्हणतात जे आहे तेच बांध, दुसऱ्याचं काळीज बसवू नकोस. तुमचं काय मत? जुना गिअरबॉक्स टिकेल का, आणि हवेवर थंड होणाऱ्या गाडीत पाण्याचं कसं जमवायचं?

स्टुटगार्टचा_निल्या
मी बाबांच्या बाजूनी. इथे जर्मनीत असा बदल केला तर टीयूव्हीकडून, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून, वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि ३० वर्षांवरच्या गाडीला मिळणारी एच नंबरप्लेट त्या काळाशी न जुळणाऱ्या इंजिनावर टिकत नाही. तुमच्याकडे तो प्रश्न नाही हे मान्य, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या इंजिनाचा एक आवाज आहे, मागून येणारी ती कोरडी घरघर, ती एकदा गेली की गाडी वेगळीच होते. दोन हेड घ्या, सीट नीट बसवून देणारा माणूस शोधा आणि जमलं तर त्याच क्रँककेसवर जरा मोठे सिलिंडर चढवा. महाग आहे हो, पण सुबारूवाले सुरुवातीला जो आकडा सांगतात तोही शेवटपर्यंत तिथेच राहत नाही.

ऑस्टिनचा_सातारकर
निल्या, तुझं प्रेम कळतं रे, पण ९१४/६, म्हणजे सहा सिलिंडरवाली, सोडली तर या गाडीत पोर्शेचं इंजिन कधी नव्हतंच, चार सिलिंडरवालीत फोक्सवॅगन ४११ च्या घराण्यातलं इंजिन, बॉडी ऑस्नाब्रुकला कारमानच्या कारखान्यातली. सिक्स सिलिंडरवाली असती तर मीच म्हणालो असतो हात लावू नका. १.८ मध्ये करायला हरकत नाही, फक्त मूळ इंजिन विकू नका आणि पत्रा लागेल तेवढाच कापा.

मी हेच केलंय, हेच २.२, त्यामुळे जिथे मार खाल्ला तेवढं सांगतो. इंजिन बसवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. तेही आडवं चार सिलिंडरचंच, पुलीकडून बघितलं तर दोन्ही एकाच दिशेनी फिरतात, म्हणून अ‍ॅडॅप्टर प्लेट आणि त्याला जुळणारं फ्लायव्हील मिळालं की जुन्या गिअरबॉक्सला जोडता येतं. खालचं ऑइल चेंबर फार लोंबतं, ते आखूड करून घ्या. आणि टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप बाहेर असतानाच नवे टाका, कारण बसल्यावर ती बाजू आपल्या बसायच्या सीटच्या मागच्या भिंतीला चिकटते आणि मग बेल्टसाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. ९३ च्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, हा एक दिलासा.

खरं काम पाण्याचं. माझी गाडी पहिले चार महिने उकळायची. एका गॅरेजनी दोनदा रेडिएटर बदलायला लावला, हेड गास्केट गेलं म्हणून सांगितलं, आणि दोष यातल्या कशातच नव्हता. सुबारूचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, गरम पाणी बाहेर पडतं त्या तोंडावर नसतो, तो खाली वॉटर पंपापाशी, रेडिएटरकडून परत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर असतो. तो उघडायचा तर आतल्या बाजूनी त्याला गरम पाणी लागलं पाहिजे, आणि ते येतं हीटरच्या नळीतून फिरून. आता ९१४ ला पाण्याचा हीटर नाहीच, तिचा हीटर एग्झॉस्टच्या भोवती तापलेल्या हवेवर, म्हणून मी काय केलं तर हीटरची दोन्ही तोंडं बुचं मारून बंद केली. झालं, थर्मोस्टॅटला गरम पाणी कळेना, इंजिन उकळतंय आणि पुढचा रेडिएटर हाताला गार! ती दोन तोंडं एका नळीनी एकमेकांना जोडली आणि त्याच दिवशी तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला. पुढच्या हिवाळ्यात त्याच नळीवर छोटा हीटर बसवला.

दुसरं म्हणजे हवा. रेडिएटर पुढच्या डिकीत बसतो, पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, जिथे पाइप वर उचलला जातो तिथे हवा अडकते. एक्स्पान्शन टाकी इंजिनापाशी सगळ्यात उंच ठेवा, रेडिएटरच्या माथ्यावर हवा काढायचा स्क्रू ठेवा, आणि पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर चढवून सावकाश भरा. रेडिएटरमध्ये वारा शिरायची सोय सगळे करतात, बाहेर पडायची करत नाहीत, मी पुढच्या चाकांच्या कमानीत वाट काढली. पुढची डिकी जवळपास जाते, हे आधीच घरी सांगून ठेवा.

वैशाली_टी
स्मॉगचं कोणीच बोललं नाही म्हणून, कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) नाही, तेव्हा तुमची ७४ सुटली. ७६ ची असती तर इंजिन त्या साली किंवा नंतरचं, त्याच्या सगळ्या एमिशनच्या सामानासकट लावून रेफरीकडून, म्हणजे अशा बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडून, पास करून घ्यावं लागलं असतं.

गिअरबॉक्स १३० हॉर्सपॉवरला टिकेल, फक्त पहिल्या गिअरमध्ये क्लच झटकन सोडून गाडी पळवू नका. टर्बो घालायचा मोह झाला तर मात्र सुबारूचाच गिअरबॉक्स फोर-व्हील ड्राइव्ह काढून लावतात, मांडणी सारखीच आहे, इंजिन मग डिफरन्शियल मग गिअर.

पण दादा, तुम्ही गंजाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. या गाडीत बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात उजवीकडे असते, तिचं अ‍ॅसिड पन्नास वर्षं खाली ठिबकतं आणि बरोबर खाली उजवी लांब पेटी, म्हणजे दाराखालून जाणारा गाडीचा कणा, आणि मागच्या सस्पेन्शनची पकड. गाडीला छत काढता येतं, त्यामुळे सगळा ताण त्या दोन पेट्यांवर. इंजिन कुठलंही बसवा, आधी हे बघा. दार बंद ठेवा, दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा, मग मागून जॅकवर उचला आणि परत मोजा. फट बदलली तर पेटी सडली आहे. इंजिन आत्ता बाहेर आहे, वेल्डिंग करायचं तर यापेक्षा चांगली वेळ येणार नाही.

फ्रीमाँटकर
सातारकर, हीटरच्या नळीचं वाचून अंगावर काटा आला, मीही बुचंच मारणार होतो. वैशालीताई, काल रात्री बाबांनी टॉर्च धरला आणि मोजलं. डावीकडे काही फरक नाही. उजवीकडे वरची फट साडेचार मिलिमीटर होती, जॅक लावल्यावर तीन झाली. बॅटरीचा ट्रे काढला आणि खालच्या पेटीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. बाबा तिथेच खाली बसले आणि म्हणाले आधी हे. मित्राला सांगितलंय इंजिन दिवाळीपर्यंत ठेव म्हणून. बे एरियात या पेटीचा पत्रा नीट बसवून देणारा, दारात टेकू देऊन मगच कापणारा कोणी वेल्डर माहीत असेल तर प्लीज मेसेज करा.