मदत हवी आहे: खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईच्या मांडीत ताकद कशी आणावी?

आई ७४ वर्षांची, वजन ४८ किलो. घरात पाय घसरून उजवा खुबा मोडला, अर्धा सांधा बदलला. त्याला आता अकरा आठवडे झाले. एक्स-रे चांगला आहे, पूर्ण भार द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पण भीतीपोटी पहिले पाच आठवडे ती जवळपास पलंगावरच होती (आमचीच चूक) आणि उजवी मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली आहे. वॉकर घेऊन चालते, पण खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही.

फिजिओ आठवड्यातून एकदाच येतात. पाय ताणणं, घोटा हलवणं रोज करतो. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम चालू आहे. हाडांच्या औषधाचं डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवणार. मधुमेह नाही, किडनी ठीक. अंडं खात नाही, आणि वरण-भात, दूध यांतून रोजची ५५-६० ग्रॅम प्रथिनं काही केल्या पुरी होत नाहीत. भूकच कमी आहे.

या वयात गेलेला स्नायू नुसत्या चालण्याने भरत नाही, वजनाचे व्यायाम लागतात, असं फिजिओ म्हणतात. ज्यांनी घरी हे केलंय त्यांनी सांगा: उंच खुर्चीवरून उठबस सुरू केली तर उंची किती दिवसांनी कमी केली, आणि घोट्याला वजनाचा पट्टा कधी बांधला?