राष्ट्रीय हँडिकॅप ग्लायडर स्पर्धा: सिल्व्हर बॅजवर प्रवेश मिळेल का?

प्रश्न: माझा सिल्व्हर बॅज (ग्लायडर पायलटच्या कामगिरीचा टप्पा) पूर्ण आहे: ५० किमी अंतर, ५ तास हवेत, १००० मीटर उंची कमावणं. त्यापुढच्या गोल्ड बॅजचं ३०० किमी अजून बाकी आहे. क्लबचं एलएस-४ ग्लायडर मिळतंय, विंगलेट (पंखांच्या टोकांचे वर वळलेले छोटे पंख) बसवलेलं. पात्र ठरेन का? क्लब क्लासमध्ये (जुन्या, साध्या ग्लायडरांच्या गटात) उडायची फार इच्छा आहे.

उत्तर १: ते त्या स्पर्धेच्या नियमावलीवर आहे. काही ठिकाणी सिल्व्हर चालतो, काही ठिकाणी आधीच्या स्पर्धेचा अनुभव किंवा रँकिंग लागतं. जागा कमी असल्या की रँकिंगवाले आधी, म्हणून अर्ज लवकर टाका.

उत्तर २: पायलटइतकीच ग्लायडरची पात्रताही बघा, तिकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. हँडिकॅप म्हणजे ग्लायडरच्या क्षमतेनुसार ठरलेला आकडा; त्या यादीत तुमचं मॉडेल विंगलेटसकट कुठे बसतं ते तपासा. वेगाला हँडिकॅपने भागतात, १.०४ असेल तर १.०० वाल्याच्या ताशी १०० किमीशी बरोबरी करायला तुम्हाला १०४ काढावे लागतात. क्लब क्लासमध्ये पाण्याचा बॅलास्ट (वजन वाढवायला पंखांत भरलेलं पाणी) चालत नाही. वजनाच्या वेळी पंख समतल धरून चाक काट्यावर घेतात. त्या मॉडेलसाठी ठरलेल्या संदर्भ वजनापेक्षा जास्त भरलं तर हँडिकॅप वाढू शकतो. पॅराशूट, बॅटऱ्या, पिण्याचं पाणी, सगळं धरून आदल्या आठवड्यातच वजन करून घ्या. आणि उड्डाणाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर मान्यताप्राप्त हवा, कॅलिब्रेशनची तारीख बघा.

प्रश्नकर्ता: खूप आभार. विंगलेटचा मुद्दा डोक्यातच नव्हता. उद्याच लॉगबुक काढून बघतो.

उत्तर २: बघाच. आणि बाहेर शेतात उतरण्याचा सराव असू द्या. मला विचाराल तर बॅजपेक्षा तो महत्त्वाचा.